पान्यावरचं नाव

जुन्या लोखंडाच्या बाजारात पाना वजनावर विकला जातो; त्यावर ‘फोर्ड’ ही अक्षरं दिसली की तोच पाना नगावर विकला जातो. मुंबईच्या चोरबाजारात हे इतक्यांदा पाहिलंय की आता नाव वाचण्याआधी मी पाना उलटा करतो. बऱ्याचदा मागच्या बाजूला खऱ्या कारखानदाराची बारीकशी खूण सापडते. फोर्ड गाड्या बनवायची. गाडीबरोबर द्यायचे पाने मात्र हर्ब्रँड, बार्कालो अशा घडाईवाल्या कंपन्यांकडून करून घ्यायची. मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात निघाल्या. तेव्हा नुसत्या नावामुळे पाना दुर्मीळ ठरत नाही. विक्रेता ‘अँटिक’ म्हणाला तर म्हणू द्यावं आणि भाव निम्म्यावरून सुरू करावा.

आपल्याकडे खरी गोम आहे ती जीपच्या सामानात. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोघांनी एकाच नमुन्याची जीप बनवली. एकट्या फोर्डच्या पावणेतीन लाखांवर भरल्या. फोर्डने आपल्या जीपच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ ठोकला. युद्धानंतर लष्कराच्या कित्येक जीपा इथेच विकल्या गेल्या, १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली, म्हणून हे सामान आपल्याकडच्या गॅरेजांत अजून निघतं. एफवाल्या बोल्टला संग्राहक जादा पैसे मोजतात. आणि अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात कुणालाही मिळतात.

अक्षरं मागाहून ठोकलेला असा एक पाना मी नवख्यांना दाखवायला ठेवलाय. भिंगाखाली धरला की लबाडी दिसते. गंजाने पडलेले खड्डे सगळ्या पान्यावर आहेत, पण अक्षराची रेघ त्या खड्ड्यांना कापून पुढे जाते. अक्षर मूळचं असतं तर गंजाने त्यालाही खाल्लं असतं. अक्षराच्या कडेला धातू वर आलेला असतो, बोटाला टोचतो. गंजाचंही तसंच. मुरलेला गंज काळपट तपकिरी आणि घट्ट असतो. मिठाच्या पाण्याने चार दिवसांत आणलेला गंज नारिंगी, एकसारखा, आणि रुमालाला लागतो. रुमाल पांढराच न्यावा.

सोबत व्हर्नियर असावा. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावर ‘१/४ डब्ल्यू’ लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. पान्याचं तोंड भरतं ०.५२५ इंच, म्हणजे तेरा मिलिमीटरहून थोडं जास्त. फिएटचं सगळं काम मिलिमीटरात. त्यामुळे ‘फिएटची ओरिजिनल टूलकिट’ म्हणून दाखवलेल्या पिशवीतून डब्ल्यूचे पाने निघाले, तर ती पिशवी इटलीत भरलेली नाही एवढं नक्की. असे पाने घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. व्हिटवर्थचा चांगला पाना मला तरी नावाच्या पाट्यांपेक्षा प्रिय आहे. फक्त पैसे फिएटच्या किटचे देऊ नयेत.

इनॅमलच्या पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. इनॅमल म्हणजे पोलादी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. ती स्क्रूच्या भोकांपाशी आणि कडांना आधी फुटते. मधोमध, नेमकं शोभेल तिथेच टवका उडालेला दिसला तर हातोडी कुणी चालवली ते विचारावं. नखाने खरवडून रंग निघाला तर ते इनॅमल नव्हेच.

खरी वस्तू मिळाल्यावरही धोका टळत नाही. निकेलचा मुलामा असलेला एक स्क्रू पाना मी ‘जरा साफ करून दे’ म्हणून बफिंगवाल्याकडे दिला होता. त्याने तो आरशासारखा चकचकीत करून परत दिला. मुलामा गेला, अक्षरं पुसट झाली. माणूस कष्टाळू होता, सांगण्यात मी कमी पडलो. तेव्हापासून आधी घासलेटमध्ये रात्रभर ठेवणं, मग पितळी ब्रश, शेवटी तेलाचा पातळ हात, एवढंच करतो. तारेचं चाक जवळ येऊ देत नाही. पावसाळ्यात पाने चामड्याच्या पिशवीत राहू देऊ नयेत. चामडं ओल धरतं आणि त्यातलं आम्ल धातूला लागतं.

दोन वस्तूंपुढे मात्र हौस आवरावी. युद्धकाळातल्या काही मीटरच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. आता तो चमकत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण चमक गेली ती त्यातल्या चमकणाऱ्या पुडीची, रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. अशी तबकडी उघडू नये, खरवडू नये, पोरांच्या हाती देऊ नये. दुसरी वस्तू म्हणजे ब्रेक लायनिंगचं जुनं, न वापरलेलं खोकं. वरचं चित्र सुरेख असतं, आत बहुधा ॲस्बेस्टॉस. ते खोकं मी विक्रेत्याला झटकूसुद्धा देत नाही.