कंगवा कोण धरणार?

मुलांनी हट्ट धरलाय, जावई अर्धे तयार आहेत आणि तुझी अट एकच, कुत्रं छोटं हवं आणि त्याचे केस घरभर गळायला नकोत. बाणेरच्या अकराव्या मजल्यावर ही अट रास्तच आहे. पण परवा फोनवर तू मला जातींची यादी वाचून दाखवलीस तेव्हा वाटलं, हिनं उलट्या टोकाकडून सुरुवात केलीय. आधी घरातली माणसं मोज, त्यांच्या वेळा बघ. कुत्र्याची जात त्यानंतर ठरते.

केस अजिबात न गळणारं कुत्रं जगात नाही. शित्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, पूडल, छोटा श्नाउझर या जातींचे केस कमी गळतात, कारण त्यांचा एकेक केस बराच काळ वाढत राहतो आणि सुटलेला केस खाली पडायच्या ऐवजी शेजारच्या केसांत अडकून बसतो. सोफा स्वच्छ राहतो हे खरं. पण तो अडकलेला केस वेळेवर निघाला नाही तर काखेत, कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूला जटा होतात. जट कातडी ओढत राहते, तिच्याखाली ओल धरते आणि पावसाळ्यात तिथे चिघळतं. म्हणजे काम वाचत नाही, झाडूचं काम कंगव्याकडे जातं. आणि झाडू मारायला तुझ्याकडे मावशी येतात, कंगवा धरायला त्या येणार नाहीत.

म्हणून रोज रात्री दहा मिनिटं तुमच्यापैकी कोण मोकळं असतं, हे आजच ठरवा. हिंजवडीहून नऊला परतणारा माणूस ‘मी करीन’ म्हणाला तर ते धरू नकोस. कोणालाच जमणार नसेल तर केस बारीकच ठेवायचे, आणि चार-सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे न्यायचं. शित्झूचे जमिनीला टेकणारे केस प्रदर्शनात बघायला छान दिसतात. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर डॉग शो भरतो, तिथे एकदा मुलांना घेऊन जा. मात्र मांडवात जाऊ नकोस, मागच्या बाजूला जा. कुत्र्याला टेबलावर उभं करून माणसं किती वेळ विंचरत असतात ते मुलांनाही दिसू दे.

आता आपल्या ओळखीच्या कुत्र्यांचं. पेठांतल्या वाड्यांत ‘पामेरियन’ म्हणून जे पांढरं, भुंकरं कुत्रं असायचं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. गोड असतं, हुशार असतं, पण केसांच्या बाबतीत त्याचं नाव काढू नकोस. त्याला दुहेरी केस असतात, वर लांब आणि आत लोकरीसारखा थर, आणि तो थर वर्षातून एक-दोनदा मूठमूठ सुटतो. कोणाचं पाहून उन्हाळ्यात त्याचा गोटा करायची बुद्धी मात्र कोणाला देऊ नकोस. ते केस ऊन अडवतात, आणि एकदा तासल्यावर केस पहिल्यासारखे येतीलच असं नसतं. पगचे केस आखूड, म्हणून तो कमी गळतो असं लोकांना वाटतं. तो भरपूर गळतो, आणि ते टोकदार बारीक केस सोफ्याच्या कापडात असे रुततात की चिमट्यानं काढावेत. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग टीव्हीवर आला आणि घरोघरी पगच हवा झाला. त्या चपट्या नाकानं एप्रिल-मेच्या उन्हात श्वास घेणं किती अवघड असतं, ते जाहिरातीत दाखवत नाहीत. शित्झूचंही नाक आखूडच, तेव्हा तुझ्या यादीतलं पहिलं नावसुद्धा दुपारी बाहेर न्यायचं नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर. तुमच्या सोसायटीतल्या फरशीवर तळहात टेकव. तुला चटका सहन झाला नाही तर त्याच्या पंजालाही होणार नाही.

पिल्लू पाहताना एक खूण लक्षात ठेव. दाढी, मिशा आणि जाड भुवया असलेली कुत्री सहसा कमी गळतात. याचा एका जनुकाशी संबंध आहे, आणि या मिशा पिल्लाच्या तोंडावर दोन महिन्यांतच दिसायला लागतात. ‘शित्झू-पूडल मिक्स आहे, एकही केस गळणार नाही’ असं कोणी छातीठोक सांगितलं आणि पिल्लाचं तोंड गुळगुळीत असलं, तर चहा घेऊन परत ये. असल्या मिश्र जातींची लाट ऑस्ट्रेलियातून आली. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. हवाईतल्या एका अंध बाईला कुत्रं हवं होतं आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांची लाळ आणि केस हवाईला पाठवले, तर त्या नवऱ्याला तिघांपैकी एकच मानवलं. सख्खी भावंडं, तरी ही गत. कॉनरन यांना पुढे या प्रकाराचा पश्चात्ताप झाला, आणि विकणाऱ्यांचं दुकान मात्र जोरात चाललं.

धाकट्याला सर्दी-शिंकांचा त्रास आहे म्हणून हे सांगावं लागतंय. अ‍ॅलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती केस गळो न गळो, घरात पसरतातच. 2011 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी कुत्री असलेल्या घरांतली धूळ तपासली. ‘अ‍ॅलर्जी न देणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत ते प्रथिन इतरांपेक्षा कमी सापडलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे त्यातलं एक प्रथिन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, आणि काही माणसांना तेवढ्याचाच त्रास होतो. त्यांना मादी चालते. आधी मुलांच्या डॉक्टरांना विचार, गरज वाटली तर ते तपासणी सांगतील. आणि जे कुत्रं घ्यायचं आहे त्याच कुत्र्याजवळ धाकट्याला दोन-तीन वेळा तास-तासभर बसव. त्याच जातीचं दुसरं कुत्रं चालणार नाही.

कुत्रं छोटं घेतलं की मुलं सुरक्षित, हा समज मनातून काढ. दोन-अडीच किलोचं कुत्रं चार वर्षांच्या पोरानं उचललं, ते वळवळलं, हातातून निसटलं की त्याचा काडीएवढा पाय मोडतो. आणि दुखावलेलं, घाबरलेलं कुत्रं चावतं. लहान मुलाचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, त्यामुळे दात चेहऱ्यावर लागतात. बहुतेक वेळा कुत्रं ओळखीचं असतं, पुष्कळदा घरचंच. म्हणून ‘टीकप’, ‘पॉकेट’ असली नावं ऐकलीस की उठून ये. तुमच्या घराला पाच-सात किलोचं, अंगानं भरलेलं, स्वभावानं जरा निबर कुत्रं हवं. माल्टीज नाजूक पडेल. ल्हासा तिबेटातल्या मठांत राखणीला असायचा, तो आजही परक्यांवर पटकन विश्वास टाकत नाही आणि मुलांची ओढाताण फार वेळ खपवून घेत नाही. डॅशहंडची पाठ लांब, मणके दुखावतात, आणि पोरं त्याला नेमकी मधोमध धरून उचलतात. छोटा पूडल हुशार, पण त्याला रोज डोक्याला काम लागतं. शित्झू त्या मानानं सोशिक. फक्त त्याचे डोळे बाहेर आलेले असतात, आणि धाकट्याचं बोट कुठे जाईल सांगता येत नाही. डोळा लाल दिसला किंवा मिटून ठेवला तर उद्यावर ढकलायचं नाही.

मला विचारशील तर पिल्लू घेऊच नकोस. दोन-तीन वर्षांची, मुलांच्या घरात वाढलेली शित्झू मादी शोध. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा ऐकीव असतो. पिल्लू म्हणजे चार महिने रात्रीची जाग, सुईसारखे दात आणि घरभर शू, आणि तुझ्याकडे आधीच दोन मुलं आहेत. माणसं परदेशी जातात, घरं बदलतात, हौस फिटते आणि चांगली कुत्री सोडून देतात. बावधनची रेस्क्यू, मुंढव्याची ब्ल्यू क्रॉस या संस्था आणि तुमच्या भागातले पशुवैद्य यांच्याकडे नाव सांगून ठेव आणि दोन-चार महिने थांबायची तयारी ठेव. एखादी लहान चणीची गावठी कुत्री मिळाली तरी नाही म्हणू नकोस. तिचे आखूड केस थोडे गळतील, पण ना जटा, ना ग्रूमरचं बिल, आणि पुण्याचं हवापाणी तिला कोणी शिकवायला नको.

तरी पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर ते जन्मलं त्या घरी जा आणि आई बघ. आई दाखवायला टाळाटाळ झाली, किंवा ‘तुम्ही कशाला येता, आम्ही गाडीनं आणून देतो’ असं उत्तर आलं, तर विषय संपला. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याला कारण आहे. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांत लोळताना शिकतं. पाच आठवड्यांचं उचलून आणलंस तर तो धडा तुझ्या पोरांच्या हातांवर गिरवला जाईल. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद वंशावळ सांगतो, तब्येत आणि स्वभाव सांगत नाही.

मुलांना एवढं शिकव. कुत्र्याला उभ्यानं उचलायचं नाही, आपण जमिनीवर बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. ते जेवत असेल, झोपलं असेल, काही चघळत असेल तर लांब. थोरलीला हे समजेल. चार वर्षांच्याला आज समजेल आणि उद्या विसरेल, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला छोटं फाटक लावून घे आणि त्याला आणि कुत्र्याला एकटं सोडून दार उघडायलासुद्धा जाऊ नकोस. कुत्रं गुरगुरलं तर त्याला फटका मारायचा नाही. गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे. तो मारून बंद केलास तर पुढच्या वेळी सरळ दात लागतील. घरच्या कुत्र्याचा, लस दिलेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना काही नाही. पिल्लाच्या लसींचे डोस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, रेबीजची लस ते तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. जंताचं औषध चुकवू नकोस, ते जंत मुलांच्याही पोटात जातात.

खाण्याचं मुलांना सांग आणि सासूबाईंना दोनदा सांग. शिऱ्यातला बेदाणा, पोह्यातला कांदा, वाढदिवसाचं चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम, हे सगळं कुत्र्याला विष आहे. बेदाणे किती खाल्ले तर बाधतात याचा नेम नाही, थोड्यानंही मूत्रपिंडं जाऊ शकतात. प्रसादाचा शिरा ‘एवढासा’ भरवायची आपल्याकडे फार हौस.

पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, त्याची लस डॉक्टरांना विचार. बाहेरून आलं की पंजे आणि पोट कोरडं पुसायचं, बोटांच्या मध्ये गोचीड बघायची. आणि वेताळ टेकडीचा मोह आवर. पाऊस सरला की तिथलं गवत वाळतं आणि कुसळं लांब केसांत शिरतात, तिथून कातडीत, कानात. फिरायला गेलातच तर पायांचे आणि कानांचे केस कापून जा आणि घरी आल्यावर उजेडात एकेक बोट तपास.

सोसायटीत आजच कुरकुर सुरू झाली असेल. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. सर्वसाधारण सभेनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हा कागद सेक्रेटरीच्या तोंडावर फेकायचा नसतो. महापालिकेचा परवाना काढ, त्याला रेबीजचं प्रमाणपत्र लागतं. पट्टा लांब सोडू नकोस, घाण स्वतः उचल, आणि लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट घे. हे सहा महिने केलंस की तेच लोक मुलांना तुझ्याकडे कुत्रं बघायला पाठवतील.

वयाचा हिशेब मात्र जावयांसमोर मांड. हे कुत्रं बारा-चौदा वर्षं जगेल. थोरली बारावीला असेल तेव्हा ते म्हातारं असेल, आणि ती जर्मनीला गेली की त्याच्या डोळ्यांत थेंब तुम्ही दोघं घालत असाल. कुत्रं आणतात मुलांसाठी, त्याचं म्हातारपण येतं आईबापांच्या वाट्याला. तेव्हा ‘मुलं सांभाळतील’ हे वाक्य कराराच्या बाहेर ठेवा.

मे महिन्यात तुम्ही गुहागरला जाल तेव्हा ते माझ्याकडे ठेव, माझी ना नाही. कंगवा, त्याचं खाणं, डॉक्टरांचा नंबर आणि लसीचं कार्ड बरोबर पाठव. मी बसून विंचरीन, पण गुडघ्यांमुळे जिने उतरायला जमणार नाही, तर खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाला सकाळ-संध्याकाळचे पैसे आधी देऊन जा.