समुद्रतळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

बँकेत पीककर्जाचा अर्ज आला की आम्ही प्रथम सातबाऱ्याचा उतारा मागतो. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा हक्क, बोजा किती, हे त्याशिवाय कळत नाही. रोह्याच्या अभ्यासवर्गात समुद्रातील खाणकामाचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "मग समुद्रतळाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले ते या पाठात थोडक्यात मांडत आहोत.

१) तळाशी काय आहे?

हिंदी महासागराच्या मध्यभागी सुमारे पाच किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे धातू असतात. शार्क माशाचा दात किंवा एखादा खडा यांभोवती थरावर थर चढून हे गोटे तयार होतात. दहा लाख वर्षांत त्यांची वाढ होते ती काही मिलिमीटर! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोटे प्रथम वर काढले.

तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. वरच्या पाण्यातून हळूहळू खाली येणारे मृत जीवांचे कण हेच तेथील अन्न. तरीही स्पंज, समुद्रकाकडी, तारामासे व सूक्ष्म कृमी तेथे जगतात. अनेक स्पंज या गोट्यांनाच चिकटून वाढतात. म्हणजे गोटा उचलला की जीवाचे घरच उचलले. यंत्राने उडणारा गाळ दूरवर पसरून इतर जीवांना गाडतो तो वेगळाच. पेरू देशासमोरील समुद्रात १९८९ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी तळ नांगरला होता. २६ वर्षांनी, २०१५ साली, ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा नांगराचे चर जसेच्या तसे होते.

२) मालक कोण?

१९६७ साली माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात मागणी केली की, देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा अखिल मानवजातीचा वारसा मानावा. १९८२ च्या समुद्रविषयक करारात हे तत्त्व आले. भारताने १९९५ साली त्यास मान्यता दिली. या तळाचा कारभार जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहते. २००२ च्या करारान्वये भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र केवळ शोधकार्यासाठी आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या सुमारे एक चतुर्थांश भरते. २०२१ साली केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विजेरी वाहनांच्या बॅटऱ्यांना हे धातू लागतात आणि निकेल व कोबाल्टसाठी आपला देश परदेशांवर अवलंबून आहे. मात्र जगातील सुमारे ४० देशांनी, पुरेसे ज्ञान हाती येईपर्यंत खाणकाम थांबवावे अशी भूमिका घेतली आहे. २०२५ च्या बैठकांतही खाणकामाची नियमावली पूर्ण होऊ शकली नाही.

३) ठराव आणि हक्क

'सर्वांचा वारसा' हे शब्द वाचताना आम्हाला आपल्याच जिल्ह्यातील महाड आठवले. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो लोक चालत गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पेण तालुक्याचाही अनुभव आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर येथील २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. शेतकऱ्याला निदान विचारले तरी गेले. समुद्रतळावर मतदार नाही, सातबाऱ्यावर नाव लागेल असा शेतकरी नाही. मग त्यांच्या वतीने बोलायचे कोणी?

४) कलेचे काम

हवाई बेटांवरील ज्येष्ठ कार्यकर्ते सॉलोमन काहोओहालाहाला यांनी किंग्स्टनच्या सभांत आपल्या पूर्वजांच्या 'कुमुलिपो' या सृष्टिगीताचा आधार घेतला. त्या गीतात सृष्टीतील पहिला जीव प्रवाळ आहे. समुद्रतळ हा आमचा पूर्वज आहे, असे ते सांगतात. करारांच्या भाषेत जे मावत नव्हते ते गीताने सभेपुढे ठेवले.

ही वाट आपल्याला नवी नाही. सत्यशोधक जलशांनंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्यांना वृत्तपत्र वाचता येत नव्हते त्यांना चळवळ कळली ती बतावणीतून आणि वगातून. प्रश्न विचारणारा भोळा माणूस आणि उत्तर देणारा जाणता, ही जोडी अवघड विषय सोपा करते. समुद्रतळाचा विषयही असाच अवघड आहे, कारण तो कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : पेण, हमरापूर, जोहे या भागांत शाडूची माती आणि घडवणारे हात दोन्ही आहेत. विद्यार्थ्यांनी खोल समुद्रातील दहा जीव मातीत घडवावेत. त्यांच्याभोवती अर्ध्या तासाची बतावणी बसवावी. एकाने यंत्र व्हावे, एकाने स्पंज, एकाने बॅटरी हवी असलेला माणूस. बॅटरीवाल्याची थट्टा करू नये. त्याची गरज खरी आहे. शेवटी कुंडलिकेचे नावही घ्यावे. रोह्यावरून वाहणारी ही नदी रेवदंड्याच्या खाडीत जाते. कारखान्यांचे सांडपाणी नदीत येते ही मच्छीमारांची तक्रार जुनीच आहे. जवळच्या पाण्याबद्दल गप्प राहून दूरच्या समुद्राची गाणी गाणे शोभणार नाही.

त्या विद्यार्थिनीला आता आमचे उत्तर असे : कागदावर सातबारा सर्वांच्या नावावर आहे. म्हणजे तुझ्याही. पण पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते, आणि जे सर्वांचे आहे ते एकट्याला कोणी दिलेले नसते. तेव्हा हक्कदार म्हणून प्रश्न विचारणे हे तुझे काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. समुद्रतळावरील गोटा आणि त्यावरील जीव यांचा संबंध स्पष्ट करा.
२. महाडचा ठराव आणि १९८२ चा समुद्रविषयक करार यांत साम्य कोणते, भेद कोणता?
३. आपल्या गावच्या पाण्यावर दहा वाक्यांची बतावणी लिहा व वर्गात सादर करा.