तेलगाडीची वाट

स्पेन देशाच्या दक्षिण भागात अंदालुसिया नावाचा विस्तीर्ण प्रांत आहे. त्या प्रांतातील हाएन जिल्ह्यात एखाद्या उंच टेकडीवर उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली, तर मोठे विलक्षण दृश्य दिसते. तांबूस-पांढऱ्या मातीच्या टेकड्यांमागून टेकड्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावर रुपेरी-हिरव्या रंगाची ठेंगणी झाडे ओळीने लावलेली असतात. सारवलेल्या अंगणात कोणी ठिपक्यांची रांगोळी काढावी, पण रेघा जोडण्याचे विसरून जावे, तसा हा देखावा असतो. ही झाडे ऑलिव्हची होत. एकट्या हाएन जिल्ह्यात त्यांची संख्या सहा कोटींहून अधिक आहे. बरा पाऊस झालेल्या वर्षी जगातील ऑलिव्ह तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा ह्या एका जिल्ह्यातून येतो.

हा मुलूख मोटारीतून पाहणारा मनुष्य दहा मिनिटांत कंटाळतो. कारण त्याला एकच झाड पुनःपुन्हा दिसत राहते. पायी चालणाऱ्याला अंतरे पुरी पडत नाहीत. सायकलस्वाराला मात्र तो यथास्थित पाहता येतो. झाडाचे पीळदार खोड, बांधावरचा दगड, शेतातून येणारा काठ्यांचा आवाज, हे सारे सायकलीच्या वेगाला परवडते. उन्हाळ्यात येथील उष्णतामान 40 अंशांच्याही पुढे जाते. म्हणून वसंत ऋतू किंवा शरद ऋतू हाच ह्या प्रवासाला योग्य काळ.

प्रवासाचा आरंभ ऊबेदा गावापासून करणे सोयीचे. ऊबेदा आणि शेजारचे बाएसा ही जुळी गावे ग्वादाल्किबीर नदीच्या खोऱ्यावरील उंचवट्यावर वसली आहेत. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सचा चिटणीस फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा ऊबेदाचाच रहिवासी होता. त्याच्या वैभवाच्या काळात आंद्रेस दे बांदेल्बिरा ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या हातून येथे घडीव दगडांचे वाडे आणि प्रार्थनामंदिरे उभी राहिली. 2003 साली युनेस्कोने ह्या दोन्ही गावांची जागतिक वारशांत नोंद केली. ऊबेदाच्या नावाने स्पॅनिश भाषेत एक वाक्प्रचारही रूढ आहे. बोलता बोलता कोणी मूळ विषय सोडून भलतीकडे गेला, की तो ‘ऊबेदाच्या टेकड्यांत शिरला’ असे म्हणतात. लढाई संपल्यावर उगवलेल्या एका सरदाराने, आपण ह्या टेकड्यांत वाट चुकलो, अशी सबब सांगितली, अशी आख्यायिका आहे. तेथील टेकड्या पाहिल्या म्हणजे मात्र ती सबब अगदीच लंगडी होती, असे वाटत नाही.

ऊबेदाहून बाएसाला सायकलीने जाण्यास तासभरही लागत नाही. बाएसा येथे जुन्या विद्यापीठाची इमारत आहे. तेथील शाळेत 1912 ते 1919 ह्या काळात आंतोनियो माचादो हा थोर कवी फ्रेंच भाषा शिकवीत असे. तो येथे आला, तेव्हा त्याची तरुण पत्नी नुकतीच मरण पावली होती. गावाच्या तटावरून दूरवरचे ऑलिव्हचे मळे पाहत तो लांब लांब फिरायला जाई. ज्या वर्गात तो शिकवीत असे, तो वर्ग आजही प्रवाशांना दाखवितात.

पुढे हाएन शहर लागते. डोंगरावर सांता कातालीना हा किल्ला, पायथ्याशी बांदेल्बिराच्याच आराखड्याचे भव्य कॅथेड्रल आणि एका जुन्या वाड्याच्या तळाशी अरबांच्या वेळची, अकराव्या शतकातील स्नानगृहे, अशी ह्या शहराची तीन युगे एकमेकांवर रचलेली आहेत. अरबी सत्ता येथून जाऊन कित्येक शतके लोटली; परंतु तिचे शब्द गेले नाहीत. ग्वादाल्किबीर ह्या नावाचा मूळ अरबी अर्थ ‘मोठी नदी’. तेलाला स्पॅनिश भाषेत ‘आसेइते’ म्हणतात आणि ऑलिव्हच्या फळाला ‘आसेइतूना’. हे दोन्ही शब्द ‘झैत’ व ‘झैतून’ ह्या अरबी शब्दांवरून आले आहेत. आपल्याकडे ऑलिव्हला जैतून म्हणतात, तोही त्याच घराण्यातला. एकच शब्द पश्चिमेस स्पेनपर्यंत गेला आणि पूर्वेस हिंदुस्थानापर्यंत आला.

हाएन शहरापासून सायकलस्वाराची खरी चैन सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाएनपासून प्वेन्ते हेनिल गावापर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला होता. त्यावरून इतके तेल जाई, की लोक त्या गाडीला ‘तेलगाडी’ म्हणू लागले. पुढे मोटारींची वाहतूक वाढली, गाडीला उतारू मिळेनासे झाले आणि 1985 साली ती बंद पडली. रूळ निघाले. स्थानकांची छपरे ढासळू लागली. 1993 पासून स्पेनमध्ये अशा निरुपयोगी लोहमार्गांचे पायवाटांत व सायकलवाटांत रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांना ‘हिरव्या वाटा’ म्हणतात. तेलगाडीची वाट ही त्यांपैकीच एक असून तिची लांबी 128 किलोमीटर आहे.

आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून लोहमार्ग बांधणारे डोंगराला वळसा घालतात, टेकडी खोदून बोगदा काढतात, दरीवर पूल टाकतात आणि मार्ग शक्य तितका सपाट ठेवतात. ज्या अभियंत्यांनी इंजिनासाठी एवढे श्रम घेतले, त्यांच्या श्रमांचे फळ शंभर वर्षांनंतर सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मिळत आहे. भोवती डोंगर असूनही वाट अशी हळूहळू चढते, की चढ कोठे लागला हे कळतही नाही. ग्वादाहोस नदीवरचा लोखंडी पूल तर दोनशे मीटरांहून अधिक लांब आहे. पुलाच्या एका टोकाला हाएन जिल्हा संपतो आणि दुसऱ्या टोकाला कॉर्दोबा जिल्हा सुरू होतो.

ह्या सुखात एक खोच आहे. लोहमार्ग सखल भागातून जातो आणि जुनी गावे मात्र शत्रूच्या भयाने उंचावर वसलेली आहेत. तेव्हा गाव पाहायचे, तर सपाट वाट सोडून चढ चढावाच लागतो. मार्तोस हे असेच एक गाव. त्याच्या मागे एक प्रचंड सुळका उभा आहे. 1312 साली राजा चौथा फर्नांडो ह्याने काराबाहाल नावाच्या दोन भावांना खुनाच्या आरोपावरून ह्या सुळक्यावरून लोटून देण्याची आज्ञा केली. आम्ही निरपराध आहो. तीस दिवसांच्या आत देवाच्या न्यायासनासमोर हजर हो, असे त्या भावांनी राजाला बजावले, असे म्हणतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऐन पंचविशीच्या आसपास, राजा हाएन येथे अकस्मात मृत्यू पावला. इतिहासात तो ‘समन्स बजावलेला राजा’ ह्या अर्थाच्या नावानेच ओळखला जातो.

मार्तोसच्या परिसरात ऑलिव्हचे मळे अतिशय दाट आहेत. येथील जुन्या पद्धतीच्या झाडाला एकाऐवजी दोन-तीन खोडे असतात. कारण एकाच खड्ड्यात दोन-तीन फांद्या लावून ते वाढवीत असत. फळाचे टोक किंचित अणकुचीदार असल्यामुळे येथील मुख्य वाणाला ‘पिकुआल’ म्हणतात. झाडावरचे फळ तोडून कोणी तोंडात टाकले, तर ते लगेच थुंकून द्यावे लागते, इतके ते कडू असते. मिठाच्या पाण्यात पुष्कळ दिवस मुरवल्यावरच ते खाण्याजोगे होते. तेलाची गोष्ट निराळी. ते ताज्या फळापासून काढतात आणि एक लिटर तेलासाठी साधारणपणे चार-पाच किलो फळे लागतात.

नोव्हेंबरच्या सुमारास तोडणी सुरू होते. झाडाखाली मोठी जाळी अंथरतात. पूर्वी पुरुष लांब काठ्यांनी फांद्या झोडपीत आणि स्त्रिया गारठलेल्या मातीत गुडघे टेकून खाली पडलेली फळे वेचीत. आता खोडाला धरून गदगदा हलविणारी यंत्रे आली आहेत. तरीही उतारावर, जेथे यंत्र चढत नाही, तेथे काठीचाच उपयोग होतो. दुपारी मजूर पावाच्या तुकड्यातला गर काढून खळगा करतात, त्यात तेल ओततात आणि ती भाकर आवडीने खातात. फळे त्याच दिवशी गिरणीत नेतात. आपल्या तेलघाण्याप्रमाणे तेथेही एके काळी जनावरे दगडी चाके फिरवीत. हल्ली पोलादी यंत्रात फळांचा लगदा करतात आणि तो वेगाने गरगर फिरवून त्यातील तेल वेगळे करतात. उरलेल्या आठळ्या जळणाच्या कामी येतात.

हे तेल रोमन लोकांनाही प्रिय होते. रोम शहरात टेस्टाच्चो नावाची सुमारे 35 मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती मातीची नव्हे, दगडाचीही नव्हे. ती फुटक्या रांजणांची आहे! तेलाचे रांजण एकदा तेलाने मुरले, की खवट होत; म्हणून रिकामे झाल्यावर ते फोडून एका जागी टाकून देत. त्या खापरांपैकी बहुतेक ह्याच अंदालुसियातील आहेत.

एवढे तेल पिकविणारे मजूर मात्र शतकानुशतके दरिद्री राहिले. जमिनी मोठ्या जमीनदारांच्या आणि मजुरी तोडणीच्या तीन महिन्यांपुरती, अशी स्थिती होती. मिगेल एर्नांदेस हा कवी लहानपणी शेळ्या राखीत असे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात, 1937 साली, तो हाएन येथे होता. ही झाडे वाढविली कोणी आणि ती आहेत कोणाची, असा रोकडा सवाल त्याने एका कवितेत येथील मजुरांनाच केला. युद्धात त्याचा पक्ष हरला. 1942 साली, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, तो तुरुंगात क्षयाने मरण पावला. त्याच कवितेला 2012 साली हाएन जिल्ह्याने आपले अधिकृत गीत म्हणून स्वीकारले.

अलीकडे मजुरांपुढे आणि मालकांपुढेही एक नवे संकट उभे राहिले आहे. 2022 व 2023 ह्या वर्षांत येथे पाऊस फार कमी पडला. फुलोऱ्याच्या वेळीच उष्ण वारे सुटले आणि मोहोर करपून गेला. त्यापूर्वीच्या हंगामात स्पेनमध्ये सुमारे 15 लाख टन तेल निघाले होते. 2022-23 च्या हंगामात ते निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारे साडेसहा लाख टन निघाले. भाव इतके कडाडले, की काही दुकानदार तेलाच्या बाटल्यांना कुलपे लावू लागले. झोडपायला फळच नाही, तेव्हा मजुराला रोज कोठला मिळणार? पुढे 2024 मध्ये पाऊस बरा झाला आणि उत्पन्न पुष्कळसे सावरले. पण पाऊस जोराचा आला, तर तोही सुखाचा नसतो. झाडांच्या मधली जमीन वर्षानुवर्षे नांगरून अगदी उघडी ठेवल्यामुळे माती वाहून जाते. सायकलस्वाराला वाटेच्या दोन्ही बाजूंना अशा खोल घळी दिसतात. काही शेतांत मात्र ओळींच्या मध्ये मुद्दाम गवत राखलेले दिसते; ते मातीला धरून ठेवते.

ग्वादाहोस ओलांडल्यावर डोंगर जवळ येतात. कड्याच्या टोकावर किल्ला आणि त्याला बिलगलेली पांढरीशुभ्र घरे, असे सुएरोस नावाचे चिमुकले गाव वाटेच्या वरच्या अंगाला दिसू लागते. त्याच्याजवळ वटवाघळांची म्हणून प्रसिद्ध असलेली एक गुहा असून, तीत आदिमानवाच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे काब्रा आणि नंतर लुसेना. लुसेना येथे मध्ययुगात ज्यू विद्वानांची मोठी वस्ती होती. ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल 1483 साली ह्या गावाजवळच्या लढाईत पकडला गेला आणि येथील किल्ल्याच्या बुरुजात त्याला कोंडून ठेवले होते, असे सांगतात.

वाटेवरची काही जुनी स्थानके आता दुरुस्त केली आहेत. जेथे उतारू तिकिटे काढीत, तेथे आज उपाहारगृह असते. फलाटावर सायकली टेकवून ठेवलेल्या दिसतात. सायकलस्वार पाणी भरून घेतो, चाकांतील हवा पाहतो आणि पुढे निघतो. शेवटी हेनिल नदीकाठचे प्वेन्ते हेनिल गाव येते. येथे तेलगाडीचा मार्ग संपत असे आणि तेलाची पिंपे दुसऱ्या गाडीने मालागा बंदराकडे जात. आता ते तेल मोठमोठ्या टाक्यांच्या मोटारींतून जाते.