काप्री एका दिवसात होईल?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही इटलीत नेपल्सला जात आहोत. एक दिवस काप्री बेटासाठी ठेवलाय. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर : जमेल, फक्त सगळंच पाहायचा हट्ट नको. सकाळची लवकरची जलद बोट धरा. तासाभरात मरीना ग्रांदे बंदरात उतराल. परतीचं तिकीट आधीच काढा, संध्याकाळी झुंबड उडते.

उतरल्यावर थेट बसने आनाकाप्री गाठा. तिथून ५८९ मीटर उंच मोंते सोलारोवर एकेरी खुर्च्यांचा पाळणा जातो. आईंची चढण वाचेल. मात्र खुर्ची थांबत नाही, चालतीतच बसायचं, तेव्हा मदतनिसाला आधी सांगा. वरून समुद्रातले फाराल्योनी सुळके दिसतात.

निळ्या गुहेचा मोह आईंसाठी टाळा. तिचं तोंड जेमतेम मीटरभर उंच, होडीत पाठीवर आडवं व्हावं लागतं. समुद्र खवळला की गुहा बंदच.

दुपारी काप्री गावात या, ऑगस्टसच्या बागेत निवांत बसा आणि फ्युनिक्युलर रेल्वेने बंदरावर उतरा. चौकातल्या टेबलावरची कॉफी महाग. काउंटरशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते!