प्रोत्साहनाचे ऋण

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील ७३ व्या श्लोकात अर्जुनाचे अखेरचे बोलणे आले आहे. मोह नष्ट झाला, स्मृती पुन्हा लाभली, असे तो सांगतो; आणि हे सर्व भगवंताच्या प्रसादाने घडले, हेही त्याच वाक्यात सांगतो. गांडीव त्याचे स्वतःचे होते, भुजबळही त्याचेच होते. तरीही उभे राहण्याचे श्रेय तो स्वतःकडे घेत नाही. ज्याला गेलेले धैर्य परत मिळते, त्याला ते परत देणाऱ्याचीही आठवण राहावी, हे वाटते तितके सहज नाही.

याचे कारण प्रोत्साहनाच्या स्वरूपातच आहे. कोणी द्रव्य दिले तर वहीत नोंद राहते. अन्न दिले तर भूक ते विसरू देत नाही. परंतु प्रोत्साहन देणारा आपल्याजवळचे असे काहीच देत नाही, आपलेच आपल्याला दाखवितो. किष्किंधाकांडातील प्रसंग पाहावा. शंभर योजने समुद्र पुढे पसरलेला, प्रत्येक वानर आपली उडी किती जाईल ते सांगत आहे, आणि हनुमान मात्र एकीकडे मौन धरून बसला आहे. वृद्ध जांबवान त्याच्याजवळ जातो व त्याला त्याच्या जन्माची व सामर्थ्याची आठवण करून देतो. उड्डाण हनुमंतानेच केले. जांबवानाच्या बळाचा कणही त्यात नव्हता. म्हणूनच असे ऋण विसरणे फार सोपे असते. कार्य सिद्धीस गेले की मनुष्याला वाटते, शक्ती तर माझीच होती!

दुसरी अडचण अशी की, प्रोत्साहन नेहमी गोड शब्दांतच येते असे नाही. रणांगणावर खचलेल्या अर्जुनाला भगवंतांनी प्रथम ऐकविले ते कौतुक नव्हे, क्लैब्याचा धिक्कार होय. अर्वाचीन काळातील थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रातही अशीच एक घटना आहे, आणि ती मनन करण्याजोगी आहे.

रामानुजन यांचे सर्व लक्ष गणितात गुंतल्यामुळे इतर विषयांत ते नापास झाले, कुंभकोणम् येथील महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, पदवी मिळाली नाही. १९१० च्या सुमारास ते व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर हे डेप्युटी कलेक्टर व भारतीय गणित परिषदेचे संस्थापक. रामानुजन यांची मागणी लहानशीच होती: कचेरीत एखादी कारकुनी मिळावी. अय्यरांनी त्यांच्या वह्या चाळल्या आणि नोकरी देण्याचे नाकारले. अशी बुद्धी महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर कोंडून मारावी, हे त्यांना पटेना. त्यांनी मद्रासेतील आपल्या गणितज्ञ स्नेह्यांना पत्रे दिली. पोटाची विवंचना असलेल्या तरुणाला त्या दिवशी तो नकार कडूच लागला असेल. पण पुढील सर्व वाट त्या नकारातूनच निघाली.

पुढे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांनी काही काळ दरमहा खर्च चालविला. दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस राहणे रामानुजन यांना रुचेना, म्हणून १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे अभ्यासक. रात्री त्यांच्या घरी दोघे पाटी घेऊन गणिते मांडीत बसत. रामानुजन दोन पायऱ्यांतच सिद्धांत संपवीत. मधल्या पायऱ्या लिहून काढा, असा नारायण अय्यरांचा आग्रह असे. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र गेले, १९१४ मध्ये रामानुजन विलायतेस निघाले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हार्डींचे नाव जग जाणते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाटी घेऊन बसलेल्या त्या अधिकाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असते?

साधकाने आपल्या आयुष्याकडेही याच दृष्टीने पाहावे. ज्यांनी मोठी मदत केली ती नावे ओठांवर असतातच. शोधावी लागतात ती दुसरी. शाळेत मागच्या बाकावरून उठवून पुढे बसविणारे गुरुजी, परीक्षेच्या रात्री दिव्यात तेल आहे की नाही हे न बोलता पाहणारी आत्या, ‘हे तुझे काम नव्हे, तू याहून मोठे कर’ असे म्हणून रागावलेला थोरला भाऊ. नुसते ‘सर्वांचे उपकार’ असे म्हणणे म्हणजे कोणाचेच स्मरण न करणे होय. नाव, स्थळ, आणि त्यांनी नेमके काय केले, हे आठवले पाहिजे. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच केलेले जाणणारा असा आहे. त्यांपैकी जे हयात असतील त्यांना एक पत्र तरी जावे. पुष्कळ वेळा त्या व्यक्तीला आपण काय केले ते आठवतही नसते.

जे निवर्तले, त्यांचे काय? शास्त्रांनी ऋषिऋण सांगितले ते याच जातीचे आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत देता येत नाही, म्हणून अध्ययन करून पुढच्यास द्यावयाचे.

११ जानेवारी १९१९ रोजी आजारी रामानुजन यांनी मद्रास विद्यापीठाला विलायतेहून एक पत्र लिहिले. विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंडांची वृत्ती देऊ केली होती. आपला आवश्यक खर्च भागून ५० पौंड आईवडिलांना द्यावेत, आणि उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांची फी कमी करण्यासाठी व शाळांना पुस्तके देण्यासाठी खर्च व्हावी, असे त्यांनी त्यात कळविले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते स्वदेशी परतले.