दाते मोजा, मग सायकल घ्या



नवी सायकल घ्यायची म्हटली की आपण आधी रंग बघतो, मग घंटी वाजवून बघतो, मग कॅरिअर आहे का ते बघतो. पण ती चढावर जड जाणार की हलकी, हे यांपैकी कशावरच अवलंबून नसते. ते ठरते दात्यांवर. आणि दाते मोजायला पैसे पडत नाहीत!

सातवी झाली की आपल्यापैकी बरेच जण लांबच्या हायस्कूलला जाणार. सायकल जड गेली की मुले कंटाळतात, सायकल पडवीत गंजत पडते आणि रोजची पायपीट सुरू होते. म्हणून हा पाठ आधीच शिकलेला बरा.

दोन दातेरी चाके

पायडलजवळ असते ते मोठे दातेरी चाक म्हणजे चेनव्हील. मागच्या चाकाच्या मधोमध असते ते लहान, म्हणजे फ्रीव्हील. चेन दोघांना जोडते. पुढचा एक दाता सरकला की मागचाही एकच दाता सरकतो. समजा पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. पायडलची एक पूर्ण फेरी झाली की मागचे चाक किती वेळा फिरेल?

४४ ÷ १८ = २.४४ वेळा.

हेच ते आपल्या गणिताच्या पुस्तकातले गुणोत्तर!

फ्रीव्हील हे नाव का पडले? त्याच्या पोटात छोटे खटके असतात. पायडल पुढे मारले की खटके आतल्या खाचांत अडकतात आणि चाक फिरते. पाय थांबवले की खटके खाचांवरून घसरतात. चाक मोकळे फिरत राहते आणि 'कट्‌कट्‌कट्‌' असा आवाज येतो.

फार पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलींना चेनच नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला असे. एका फेरीत जास्त अंतर जावे म्हणून ते चाक माणसाच्या छातीएवढे उंच करीत. पडले की हातपाय मोडायचे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल काढली. तिची चाके बेताची आणि मागे चेन. मोठ्या चाकाचे काम दात्यांनी केले.

प्रयोग

साहित्य : २८ इंची सायकल, खडू, मोजपट्टी, एक मित्र.

कृती : एक पायडल अगदी खाली आणा. मागचे चाक जमिनीला टेकते तिथे खडूने खूण करा. मित्राने सीट धरून सायकल सरळ ठेवावी. तुम्ही हाताने पायडल पुढे फिरवा. तेच पायडल पुन्हा खाली आले की थांबा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा.

निरीक्षण : २८ इंची चाकाच्या एका फेरीत सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते. पुढे ४४ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीचा हिशेब असा येतो :

मागे १६ दाते – गुणोत्तर २.७५ – अंतर ६.०५ मीटर
मागे १८ दाते – गुणोत्तर २.४४ – अंतर ५.३८ मीटर
मागे २० दाते – गुणोत्तर २.२० – अंतर ४.८४ मीटर
मागे २२ दाते – गुणोत्तर २.०० – अंतर ४.४० मीटर

अनुमान : मागचे दाते वाढले की एका फेरीत सायकल कमी पुढे जाते.

मग दाते वाढवून फायदा काय?

फायदा जोराचा. मुलगा, दप्तर आणि सायकल मिळून ६० किलो वजन धरा. रस्ता २० मीटरला १ मीटर चढतो आहे. असा चढ सायकलला ६० ÷ २० = ३ किलोच्या जोराने मागे ओढतो. पाय एका फेरीत साधारण १.०४ मीटर फिरतो आणि तेवढ्यात सायकल ५.३८ मीटर जाते. म्हणून पायाला सरासरी

३ × ५.३८ ÷ १.०४ = सुमारे १५.५ किलो

जोर लावावा लागतो. मागे २२ दाते असतील तर हाच जोर सुमारे १२.७ किलो होतो. दर फेरीला जवळजवळ ३ किलोची सुटका! चढ दुप्पट उभा असेल तर १८ दात्यांना सुमारे ३१ किलो जोर लागेल. पस्तीस किलोच्या मुलाने एवढा जोर आणायचा कुठून? तो बिचारा उतरून सायकल ढकलतो आणि आपण म्हणतो, पोराच्या अंगात ताकद नाही. ताकद आहे हो, दाते कमी आहेत! (वारा आणि घर्षण या हिशेबात धरलेले नाही. ते धरले तर जोर आणखी वाढेल.)

पण फुकट काही मिळत नाही. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर १८ दात्यांनी ४ किलोमीटर जायला साडेबारा मिनिटे लागतात आणि २२ दात्यांनी सव्वापंधरा. म्हणजे घरातून तीन मिनिटे आधी निघायचे, एवढेच.

आपल्या भागातले चढ

पनवेल शहर खाडीकाठचे, बरेचसे सपाट. पण गोव्याच्या रस्त्याला कर्नाळ्याचा चढ लागतो आणि पुण्याच्या जुन्या रस्त्याला खोपोलीच्या पुढे बोरघाट. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हे गडीसुद्धा घाटात मागच्या मोठ्या दातेरी चाकावर चेन घेतात. त्यात कमीपणा कसला?

याच घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा सर्वांत उभा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. एवढ्याशा चढाला कर्जतला अनेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात. आपल्याला मागून ढकलणारे इंजिन नाही, म्हणून आपण दाते वाढवायचे.

फ्रान्स देशाची मोठी सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. चालता चालता चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या गियरला तिथे १९३७ साली परवानगी मिळाली. त्याआधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दाते असत. चढ आला की शर्यतवाले उतरत, चाक काढून उलटे बसवत आणि पुन्हा निघत.

निवड कशी करावी?

१. रस्ता सपाट, ओझे थोडे आणि चालवणारा मोठा असेल तर १८ दाते ठीक.

२. वाटेत चढ असेल, मागे धाकटे भावंड किंवा पाण्याचा कॅन असेल, किंवा चालवणारे मूल लहान असेल तर २० किंवा २२ घ्या.

३. १६ दाते वेगाला चांगले, पण चढावर गुडघ्यांना त्रास. हौसेपायी घेऊ नका.

४. आहे ती सायकल जड जाते म्हणून लगेच नवी घेऊ नका. आधी हवा, ब्रेक आणि तेल बघा. तरीही जड असेल तर सायकलवाल्या काकांना जास्त दात्यांचे फ्रीव्हील बसवायला सांगा. बहुतेक साध्या सायकलींना ते बसते. १८ चे २२ केले तर चेन साधारण १ इंच जास्त लागते. मागचे चाक अर्धा इंच पुढे सरकवून भागते का ते बघावे. नाही भागले तर चेन वाढवावी.

५. जुनी चेन ताणली असेल तर ती नव्या दात्यांवरून उड्या मारते. आपल्या फूटपट्टीने चेन मोजा. चांगल्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर चेन बदला.

गियरची सायकल

'एकवीस गियर' ऐकून भुलू नका. पुढे तीन चाके आणि मागे सात, म्हणून ३ × ७ = २१. पण ४२ ÷ २१ = २ आणि ३४ ÷ १७ = २. गियर दोन, गुणोत्तर एकच! दुकानात गियर किती ते विचारू नका. पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चाक किती दात्यांचे, ते विचारा. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर गुणोत्तर १ पेक्षाही कमी येते. असा गियर उभ्या चढावरही चालतो. मात्र गियरला निगा फार लागते. आपल्याकडच्या पावसात तारा आणि चेन लवकर गंजतात. रोज पुसायची तयारी नसेल तर साधी सायकल आणि योग्य फ्रीव्हील हेच उत्तम.

सूचना : फ्रीव्हील सायकल थांबवत नाही, थांबवतो तो ब्रेक. पावसात रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो. उतारावर वेग आधीच कमी करा. तेल चेनला द्या, रिमला लागू देऊ नका.

स्वाध्याय

१. पुढे ४८ दाते, मागे १६, चाकाची एक फेरी २ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर जाईल?

२. घरच्या सायकलीचे पुढचे आणि मागचे दाते मोजा. एका दात्यावर खडूने खूण करून मोजायला सुरुवात करा, म्हणजे चुकणार नाही. गुणोत्तर काढून या कागदाखालच्या तक्त्यात लिहा. शाळेत आलेल्या पालकांनीही लिहावे.

३. तुमच्या वाटेवर सायकलवरून उतरावे लागते अशी जागा कोणती? तिथे किती दाते पुरतील, वर्गात चर्चा करा.

– इयत्ता सातवी, विज्ञान कोपरा