जोखड आणि सेवा : पौलाचे गलतीकरांस पत्र व पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या एका पत्राचा आशय असा आहे : भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविले आहे, आता पुरोहितांकडून येणारी प्रत्येक गोष्ट ईश्वराची आज्ञा समजून तशाच दुसऱ्या जोखडाखाली जाण्याची तयारी नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला होता. तेव्हा हा विचार ख्रिस्ती धर्म नाकारणाऱ्याचा नसून तो नुकताच स्वीकारलेल्या स्त्रीचा आहे. जोखडाची ही प्रतिमा ख्रिस्ती वाङ्मयात फार जुनी असून पौलाच्या गलतीकरांस पत्रात ती मध्यवर्ती ठिकाणी येते. या दोन पत्रलेखनांत प्रभावाचे नाते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. श्रद्धा आणि नियम यांचा संबंध दोहोंत कसा उलगडतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पौलाचे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, आजच्या तुर्कस्तानातील गलतिया प्रांतातील मंडळ्यांना उद्देशून लिहिले गेले. तेथील ख्रिस्ती बहुतांशी यहुदीतर होते. त्यांनीही सुंता करून घ्यावी व नियमशास्त्र पाळावे, असा आग्रह काही उपदेशकांनी धरला, आणि हे पत्र त्या आग्रहाला दिलेले उत्तर आहे. त्यात अंत्युखियातील एक प्रसंग येतो. पेत्र यहुदीतरांच्या पंक्तीस बसत असे. परंतु याकोबाकडून काही माणसे येताच तो मागे सरला व वेगळा राहू लागला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. पंक्तिभेदाचा अर्थ भारतीय वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. कोण कोणाबरोबर जेवतो, या प्रश्नातून कोण कोणाला पूर्ण मनुष्य मानतो, हा प्रश्न पौलाने वर आणला.

तथापि पौल नियमशास्त्राचा शत्रू नव्हे. तो स्वतः यहुदी परंपरेत वाढलेला होता. नियमशास्त्राला तो ज्या सेवकाची उपमा देतो, तो ग्रीक-रोमन घरांत मुलाला शाळेत नेई-आणी व त्याच्या वागणुकीवर लक्ष ठेवी. हा सेवक बहुधा दास असे. त्याचे काम आवश्यक, परंतु मूल वयात येईपर्यंतचेच. नियम वाईट आहे, असे पौल म्हणत नाही. नियमाचे पालन ही ईश्वराच्या स्वीकाराची अट होऊ शकत नाही, असे तो म्हणतो. म्हणूनच सुंता आणि असुंता दोन्ही निरर्थक ठरवून, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास तेवढा तो महत्त्वाचा मानतो.

हे सूत्र हाती धरले म्हणजे रमाबाईंच्या वर्तनातील एक वरवरची विसंगती उलगडते. जुन्या धर्माचे जोखड टाकणाऱ्या रमाबाई इंग्लंडात मात्र शाकाहार सोडीत नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नसावीत, असाही रमाबाईंचा प्रश्न होता. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे धर्माधिकाऱ्यांनी सुचविले, तेव्हा आपल्या वडिलांनी वा पतीने अशी हरकत कधीच घेतली नव्हती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. येथे जुन्या नियमांना चिकटून राहणे आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पौलाच्या कसोटीवर पाहता, मांस न खाणे जसे तारणाची अट नव्हे, तसे मांस खाणेही नव्हे. गलतियात परंपरेचे चिन्ह अंगावर घेण्याची सक्ती होती, तर वाँटेजला ते टाकून देण्याची अपेक्षा होती. दोहोंमागील तत्त्व एकच.

सिस्टर जेराल्डीन यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, यावरून नात्यातील जिव्हाळा दिसतो. प्रत्येकाने केवळ स्वतःच्या विवेकाला प्रमाण मानले, तर मंडळी टिकावी कशी? आज्ञाधारकपणाला धर्मजीवनात काहीच स्थान नाही काय? हे प्रश्न खरे आहेत. १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून त्याचे वाचन बहुधा वसाहतवादी सत्ता आणि स्वाभिमानी स्त्री यांच्या संघर्षाच्या अंगाने होते. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्याने त्यातील धर्मविषयक प्रश्न संपत नाही.

त्याचे उत्तर पौलाच्या शब्दयोजनेत सापडते. पाचव्या अध्यायाच्या आरंभी ज्या दास्याचे जोखड पुन्हा घेऊ नका असे तो सांगतो, त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘दूलोस’ म्हणजे दास या शब्दाशी निगडित नाम आहे. पुढे तेराव्या वचनात, प्रीतीने एकमेकांची सेवा करा असे सांगताना त्याच मुळाचे क्रियापद येते. मराठीत ‘दास्य’ आणि ‘सेवा’ असे दोन शब्द वापरल्याने ही कोटी लोपते. स्वातंत्र्य म्हणजे बंधनाचा अभाव नव्हे. लादलेल्या दास्याऐवजी स्वेच्छेने पत्करलेले दास्य, असा पौलाचा अभिप्राय आहे.

रमाबाईंचे पुढील जीवन याच दिशेने गेले. १८८९ मध्ये स्थापन केलेल्या शारदा सदनात विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. स्वतःला नको असलेली सक्ती त्यांनी इतरांवर लादली नाही. तरीही १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले व सदनाच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. स्वातंत्र्य देणाऱ्या संस्थेतही संस्थापिकेच्या श्रद्धेचा प्रभाव किती असावा, हा प्रश्न त्यातून उरतोच. १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी मिळाला. विधी म्हणजे विश्वास नव्हे, हे त्यांनी येथे स्वतःच्याच धर्मांतराविषयी म्हटले आहे. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांचा केडगाव येथे सांभाळ करताना त्यांनी पत्करलेले कष्ट कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या आज्ञेने आलेले नव्हते.

नियमाचे पालन कोठे पुरे झाले, हे सांगता येते. प्रीतीची मागणी कोठे संपते, हे सांगता येत नाही. पौलाचे स्वातंत्र्य नियमापेक्षा सोपे नाही ते यामुळेच. रमाबाईंनी नाकारलेले जोखड आणि स्वीकारलेला भार एकत्र ठेवून पाहिले, तरच त्यांच्या त्या पत्रातील नकाराचा पूर्ण अर्थ लागतो.